आगगाडीचें स्वप्न
धन्य फ्रान्झ येगरस्टेटर यांची जीवनकथा

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेंत देवळाचा इतिहास, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें आणि देणगीदारांची यादी असावी, हें योग्यच आहे. परंतु संपादक मंडळानें मजकडे एखाद्या सत्पुरुषाचें चरित्र मागितलें, तेव्हां माझ्या मनापुढें कोणी पोप, बिशप वा संन्यासी न येतां एक शेतकरी येऊन उभा राहिला. त्याच्या एका हातीं नांगर होता आणि दुसऱ्या हातीं देवळाच्या किल्ल्या होत्या. घरीं पत्नी व तीन लहान मुली होत्या. ज्या गांवांत तो वाढला त्या गांवचें नांव त्याच्या मरणापूर्वीं जगाला ठाऊक नव्हतें. एका रात्रीं त्याला स्वप्न पडलें. त्या स्वप्नाचा अर्थ त्यानें वर्षानुवर्षें शोधला आणि सांपडलेल्या अर्थाची किंमत आपल्या मस्तकानें चुकविली. त्याचें नांव फ्रान्झ येगरस्टेटर.

ऑस्ट्रिया देशाच्या अपर ऑस्ट्रिया प्रांतांत, जर्मनीच्या सीमेलगत, साल्झाख नदीजवळ सेंट राडेगुंड नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें २० मे १९०७ रोजीं फ्रान्झचा जन्म झाला. त्याची आई रोझालिया ही दुसऱ्याच्या शेतावर राबणारी मोलकरीण, आणि बापही तसाच शेतमजूर. दोघेंही इतकीं दरिद्री होतीं कीं लग्न करून संसार थाटणें त्यांना शक्य झालें नाहीं. मूल आजीच्या पदराखालीं वाढलें. ती आजी मोठी भाविक होती, आणि प्रार्थनेचे पहिले शब्द त्यानें तिच्याच तोंडून ऐकले. पुढें पहिल्या महायुद्धांत त्याचा जन्मदाता कामास आला. अशा रीतीनें, युद्ध म्हणजे काय याचा पहिला धडा या मुलाला शाळेत जाण्याच्या वयांतच मिळाला होता.

१९१७ सालीं त्याच्या आईनें हाइनरिख येगरस्टेटर नांवाच्या शेतकऱ्याशीं विवाह केला. त्या सज्जनानें फ्रान्झला दत्तक घेतलें आणि आपलें आडनांव दिलें. नव्या घरांत फ्रान्झला पुस्तकें वाचावयास मिळालीं व वाचनाची गोडी लागली. खेड्यांतला हा मुलगा अखेरपर्यंत वाचीत राहिला. आपल्या मुलांच्या हातीं पुस्तक पडतें कीं नाहीं याची चिंता वाहणाऱ्या आईबापांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

फ्रान्झ जन्मतः संत होता असें मात्र कोणीं समजूं नये. विसाव्या वर्षीं तो स्टायरिया प्रांतांतील आयझेनएर्झ येथील लोखंडाच्या खाणींत कामास गेला. तेथें त्याची श्रद्धा डळमळली. १९३० सालीं तो गांवीं परतला, तेव्हां श्रद्धा पुन्हां स्थिर झाली होती, तरी तरुण रक्ताची रग गेली नव्हती. मोटारसायकल घेऊन गांवांतून फिरणारा तो पहिला गडी. विवाहाबाहेर त्याला एक मुलगीही झाली. परंतु तिच्याविषयींचें आपलें कर्तव्य त्यानें टाळलें नाहीं. चरित्रांतील हा भाग झांकून ठेवण्याचें कारण मला दिसत नाहीं. देव ज्याला बोलावतो त्याचा भूतकाळ आधीं धुऊन घेऊन मग बोलावीत नाहीं.

१९३६ सालच्या पवित्र गुरुवारीं, ९ एप्रिल रोजीं, फ्रान्झिस्का श्वानिंगर हिच्याशीं त्याचा विवाह झाला आणि नवदंपती लग्नाची सहल म्हणून रोमच्या यात्रेस गेलें. तेथून पुढें फ्रान्झचें जीवन जणूं नव्यानें सुरू झालें. पतिपत्नी एकत्र प्रार्थना करीत, एकत्र पवित्र शास्त्र वाचीत. शेतावर जातां-येतां फ्रान्झच्या हातीं जपमाळ असे. गांवांतल्या गरिबांच्या घरीं तो धान्य नेऊन देई. रोझालिया, मारिया व आलोइझिया अशा तीन मुली १९३७ पासून १९४० पर्यंत त्या घरांत जन्मल्या. कालांतरानें देवळाची व्यवस्था पाहणारा सॅक्रिस्टन म्हणून त्याची नेमणूक झाली. मेणबत्त्या लावणें, घंटा वाजविणें, वेदीचीं वस्त्रें मांडणें, मिस्सेला हजर राहणें हीं कामें तो मनोभावें करी. आपल्या देवळांत हीं कामें कोण करतो, हें आपणांस ठाऊक आहे. त्याच्याकडे आपण किती वेळां वळून पाहतों हा प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा.

आतां त्या स्वप्नाकडे वळूं.

१९३८ सालचा जानेवारी महिना होता. एका रात्रीं, प्रकृति ठीक असूनही, जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत फ्रान्झला झोंप आली नाहीं. मग थोडा डोळा लागला असावा. एका डोंगराभोंवतीं वळसे घेत जाणारी एक सुंदर आगगाडी त्याला दिसली. मोठीं माणसें तिच्याकडे जात होतींच, पण लहान मुलें तर पुराच्या लोंढ्यासारखीं तिच्याकडे धांवत होतीं आणि त्यांना आंवरणें कोणालाही साधत नव्हतें. त्या लोंढ्यांत सामील न होतां मागें राहिलेलीं मोठीं माणसें फारच थोडीं होतीं. इतक्यांत, ही गाडी नरकाकडे चालली आहे, असें सांगणारा एक आवाज त्याच्या कानीं पडला. पाठोपाठ कोणीसा त्याचा हात धरला, आणि आतां आपण शुद्धिस्थानांत जात आहों असें त्याला सांगण्यांत आलें. तेथील यातना त्यानें पाहिल्या, आणि त्या इतक्या भयंकर होत्या कीं त्या आवाजानें आधीं सांगितलें नसतें तर आपण नरकांतच आलों असें त्याला वाटलें असतें. हें सारें कांहीं क्षणच टिकलें. तो जागा झाला, त्यानें पत्नीला उठविलें आणि पाहिलें तें सर्व तिला सांगितलें.

वाचकहो, स्वप्नांच्या बाबतींत ख्रिस्तसभा फार सावध असते व आम्हां धर्मगुरूंना सेमिनरींत तशीच शिकवण मिळते. याकोबाचा पुत्र योसेफ यानें स्वप्नांचे अर्थ सांगून मिसर देश दुष्काळांतून वांचविला. पवित्र मारियेचा पति योसेफ यानें स्वप्नांतील आज्ञा मानून बाळ येशूला हेरोदाच्या तलवारींतून सोडविलें. पिलाताच्या पत्नीला स्वप्न पडलें, पण पिलातानें तिचें ऐकलें नाहीं. हें सर्व खरें. तथापि बेन सिरा याच्या ग्रंथांत, स्वप्नांमागें लागणाऱ्याची तुलना सावली धरूं पाहणाऱ्या मनुष्याशीं केली आहे, हेंही तितकेंच खरें. स्वप्न हें प्रमाण नव्हे. तें फार तर एक प्रश्न असतो. त्याचें उत्तर जाग्या माणसानें, जाग्या बुद्धीनें, प्रार्थना करून व पवित्र शास्त्र समोर ठेवून शोधावयाचें असतें. फ्रान्झनें नेमकें तेंच केलें. स्वप्न पडलें म्हणून तो दुसऱ्या दिवशीं भविष्य सांगत हिंडला नाहीं. तो विचार करूं लागला. तें स्वप्न त्यानें कागदावर उतरविलें तें पुष्कळ मागाहून, १९४२ सालच्या सुमारास. म्हणजे तें त्याच्या मनांत चार वर्षें मुरत राहिलें होतें.

पहिल्यानें त्या गाडीचा अर्थ त्याला उमगला नाहीं. परंतु अवघ्या कांहीं आठवड्यांनीं, १२ मार्च १९३८ रोजीं, हिटलरचें सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें आणि तो देश जर्मनींत विलीन झाला. योगायोग असा कीं, ज्या ब्राउनौ शहरांत १८८९ सालीं हिटलर जन्मला तें शहर फ्रान्झच्याच जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होतें. एकाच मातीनें हे दोन पुरुष जगाला दिले. रस्तोरस्तीं ध्वज लागले, बँड वाजूं लागले, मुलांना गणवेश मिळाले, बेकारांना काम मिळालें. डोळे दिपविणारी ती सुंदर गाडी फलाटावर येऊन उभी राहिली होती. मुलांच्या संघटना, वर्गण्या, मदतफंड, सभा, संचलनें हे सारे तिचे डबे. ही गाडी म्हणजे नाझी पक्षाचें राज्य, हें फ्रान्झला आतां स्पष्ट दिसूं लागलें, आणि तिच्याकडे सर्वांआधीं मुलेंच कां धांवत होतीं हेंही त्याला कळलें.

१० एप्रिल १९३८ रोजीं या विलीनीकरणावर लोकांचें मत घेण्यांत आलें. ऑस्ट्रियाच्या बिशपांनीं त्यापूर्वींच एक पत्रक काढून अनुकूल मत देण्याचा सल्ला लोकांना दिला होता. सेंट राडेगुंडमध्यें प्रतिकूल मत देणारा मनुष्य एकच निघाला, आणि तो फ्रान्झ. गांवच्या अधिकाऱ्यांनीं तें मत दडपून संपूर्ण गांव एकमतानें अनुकूल असल्याचें वर कळविलें. जमावानें ख्रिस्ताला सोडून बरब्बाला मागून घेतलें, त्या दिवसाशीं फ्रान्झनें पुढें आपल्या लिखाणांत या मतदानाची तुलना केली आहे. आपल्या धर्माच्या वडीलधाऱ्यांचा त्यानें उपमर्द केला नाहीं; त्यांच्यावर किती दडपण आहे हें तो जाणून होता. मात्र त्यांच्या भीतीला त्यानें शहाणपण म्हटलें नाहीं.

गांवचें प्रमुखपद त्याला देऊं करण्यांत आलें. त्यानें तें नाकारलें. मुलांसाठीं सरकारकडून मिळणारा भत्ता त्यानें घेतला नाहीं. गारपिटीनें पीक गेलें तेव्हां मिळणारी भरपाईही त्यानें स्वीकारली नाहीं, आणि पक्षाच्या वर्गणीच्या पेटींत एक पैसाही टाकला नाहीं. ज्या घरीं तीन लेकरें आहेत आणि हातावर पोट आहे, त्या घरीं या नकाराचा अर्थ काय होतो हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. ज्या गाडींत बसावयाचें नाहीं तिचें फुकट मिळालेलें तिकीटही खिशांत ठेवूं नये, असा त्याचा साधा हिशेब होता.

आणि तरीही सैन्याचें पहिलें बोलावणें आलें तेव्हां तो गेला. हें मी मुद्दाम सांगतों, कारण फ्रान्झ हा हट्टी किंवा भांडखोर मनुष्य होता असा ग्रह होऊं नये. जून १९४० मध्यें थोडे दिवस आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरपासून पुढील एप्रिलपर्यंत त्यानें लष्करांत शिक्षण घेतलें, मोटार चालविण्याचें काम केलें, वरिष्ठांच्या आज्ञा पाळल्या. याच काळांत, १९४० सालीं, तो संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघांत सामील झाला. मनोरुग्ण व अपंग माणसांना सरकार गुप्तपणें मारीत आहे ही वार्ताही याच काळांत त्याच्या कानीं आली. ती वार्ता खरी होती. त्याच्याच प्रांतांतील हार्टहाइमच्या वाड्यांत हें हत्याकांड चाललें होतें. त्याच्या गांवच्या धर्मगुरूंना तर एका प्रवचनाबद्दल अटक होऊन गांव सोडावें लागलें होतें. शेतीसाठीं आवश्यक मनुष्य म्हणून एप्रिल १९४१ मध्यें फ्रान्झची सुटका झाली. घरीं परततांना त्याचा निश्चय झालेला होता. पुन्हां बोलावणें आलें तर हातीं शस्त्र धरावयाचें नाहीं.

त्यानंतरचीं सुमारें दोन वर्षें त्यानें शेत नांगरलें, देवळाची घंटा वाजविली आणि रात्रीं वहींत लिहिलें. सात-आठ इयत्ता शिकलेल्या शेतकऱ्याच्या त्या वह्या आज वाचल्या तर मोठमोठ्या पंडितांनीं मान खालीं घालावी. त्याचे प्रश्न साधे असत. रशियाशीं चाललेलें युद्ध हें निरीश्वरवादाविरुद्धचें धर्मयुद्ध आहे असें राज्यकर्ते सांगत, आणि पुष्कळ भाविकांनाही तें पटे. फ्रान्झनें विचारलें कीं, मग खाणी, तेलाच्या विहिरी आणि गव्हाच्या सुपीक जमिनी यांच्यावर सर्वांचा डोळा कां आहे? विचारांचा पराभव बंदुकीनें होतो काय? दुसऱ्याच्या देशावर चढाई करून त्याचें घर जाळणाऱ्याला धर्मरक्षक म्हणावें काय? युद्धाची जबाबदारी वरिष्ठांवर आहे, सामान्य मनुष्यानें आज्ञा पाळली म्हणजे झालें, असें सर्वजण म्हणत. त्यावर त्याचा प्रश्न असा कीं, देवानें बुद्धि व विवेक प्रत्येकाला वेगळा दिला असतां, पापाचा हिशेब देण्यासाठीं दुसऱ्याला कसें पाठवितां येईल? जे रणांगणावर गेले त्यांना त्यानें दोष दिला नाहीं. त्यांच्या मनांत काय आहे हें देव जाणतो, एवढेंच त्याचें म्हणणें असे. स्वतःच्या मनांत काय आहे हें मात्र तो स्वतः जाणत होता, आणि तेथें त्याला सुटका नव्हती.

अशा प्रसंगीं कॅथलिक मनुष्य काय करतो? तो आपल्या धर्मगुरूकडे जातो. फ्रान्झही गेला. गांवचे धर्मगुरू, आधींचे व नंतरचे दोघेही, त्याला परावृत्त करूं पाहत होते. शेवटीं तो लिंझच्या बिशपांना भेटला आणि त्यानें आपले लिहून नेलेले प्रश्न त्यांच्यापुढें मांडले. बिशपांनीं त्याला सांगितलें कीं, तो कुटुंबवत्सल मनुष्य आहे, बायकामुलांचें रक्षण हें त्याचें पहिलें कर्तव्य आहे, आणि युद्ध न्याय्य कीं अन्याय्य याचा निवाडा करणें त्याच्यासारख्या माणसाचें काम नव्हे. बाहेर फ्रान्झिस्का थांबली होती. तो खिन्न मुद्रेनें बाहेर आला. आपण सरकारचे हेर असूं अशी भीति त्यांना वाटली असेल, म्हणून ते मोकळेपणीं बोलले नसतील, असें त्यानें पत्नीला सांगितलें. बिशपांच्या वर्तनाची अशी उदार बाजू घेणारा मनुष्य वांकड्या मनाचा असूं शकत नाहीं.

या प्रसंगापाशीं मी जेव्हां जेव्हां येतों तेव्हां माझें वाचन थांबतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं एक गृहस्थ माझ्या भेटीस आले. तें पापनिवेदन नव्हतें. म्हणून नांवगांव गाळून लिहिण्यास हरकत नाहीं. ते नोकरी करीत त्या ठिकाणीं त्यांना एका कागदावर सही करावयास सांगण्यांत आलें होतें, आणि त्या कागदावरचा मजकूर खोटा आहे हें त्यांना ठाऊक होतें. सही न केली तर नोकरी जाण्याचा संभव होता. काय करावें, असें त्यांनीं मला विचारलें. मीं त्यांना, मुलें किती, हें विचारलें. मग मीं सांगितलें कीं सही करावी, जबाबदारी वरिष्ठांची, देव सर्व जाणतो. त्यांनीं माझे आभार मानले व ते निघून गेले. ते आजही रविवारीं मिस्सेला येतात. परंतु त्यानंतर त्यांनीं मला कधींही, कशाहीविषयीं, सल्ला विचारलेला नाहीं. लिंझच्या बिशपांना दोष देण्यास माझी लेखणी धजत नाहीं. फ्रान्झ माझ्याकडे आला असता तर मीही त्याला तेंच सांगितलें असतें, आणि तेंही पूर्ण सद्भावानें.

फ्रान्झिस्कानें आरंभीं पतीला विनविलें, कारण ती पत्नी होती व तीन मुलींची आई होती. पण नातेवाईक, शेजारी, सारे त्याला घेरून समजावीत असतांना तो एकटा पडलेला तिनें पाहिला, आणि तेव्हांपासून तिनें त्याची बाजू घेतली. आपणही त्याच्यामागें उभी न राहिलों तर त्याला कोणीच उरणार नाहीं, एवढाच तिचा विचार होता. या स्त्रीची गणना कोणत्याही संतनामावलींत झालेली नाहीं. परंतु फ्रान्झच्या हौतात्म्याचा निम्मा भार तिनें वाहिला, असें मी निःशंकपणें म्हणतों.

फेब्रुवारी १९४३ मध्यें बोलावणें आलें. नदीपलीकडील टिटमोनिंगच्या स्थानकावर पतिपत्नींनीं एकमेकांचा निरोप घेतला. गाडी सुटूं लागली तरी त्यांचे हात सुटत नव्हते. १ मार्च रोजीं फ्रान्झ एन्स येथील छावणींत हजर झाला, आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें आपण लढणार नाहीं असें शांतपणें सांगितलें. जखमींची शुश्रूषा करण्यास तो तयार होता. परंतु तें कोणीं मानलें नाहीं. प्रथम लिंझच्या लष्करी तुरुंगांत आणि ४ मेपासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगांत त्याला ठेवण्यांत आलें. तिन्ही मुली हातांत एक फलक धरून उभ्या आहेत आणि बाबांना लवकर घरीं येण्यास विनवीत आहेत, असें एक छायाचित्र घरून पाठविण्यांत आलें होतें. तें पाहून कोणता बाप विरघळणार नाहीं? ६ जुलै १९४३ रोजीं बर्लिनच्या लष्करी न्यायालयानें सैन्याचें मनोधैर्य खचविल्याच्या आरोपाखालीं त्याला देहान्त शिक्षा दिली. कांहीं दिवसांनीं फ्रान्झिस्का गांवच्या धर्मगुरूंना बरोबर घेऊन बर्लिनला गेली. पतिपत्नींना सुमारें वीस मिनिटें मिळालीं. तेवढ्यांतही त्याचें मन वळविण्याचा प्रयत्न झाला; त्याचें मन वळलें नाहीं.

टेगेलच्या कोठडींत त्याला एक मोठें सांत्वन लाभलें. वर्षभरापूर्वीं, ऑगस्ट १९४२ मध्यें, ऑस्ट्रियाचेच फादर फ्रान्झ राइनिश या पालोटाइन धर्मगुरूंनीं हिटलरच्या नांवानें शपथ घेण्याचें नाकारून मरण पत्करलें होतें, हें तुरुंगाच्या धर्मगुरूंनीं त्याला सांगितलें. आपण वेडे नाहीं, आपण एकटेही नाहीं, आणि एका पुरोहितानेंही हीच वाट धरली, हें ऐकून त्याच्या मनावरचें ओझें उतरलें. मग त्यानें बेड्या घातलेल्या हातांनीं लिहिलें. इच्छेला बेड्या पडण्यापेक्षां हातांना पडलेल्या बऱ्या, असा त्या लिखाणाचा भाव होता.

९ ऑगस्ट १९४३ रोजीं त्याला ब्रांडेनबुर्ग येथें नेण्यांत आलें. तेथील धर्मगुरूंनीं त्याला अखेरचे संस्कार दिले. मेजावर एक कागद ठेवलेला होता. त्यावर सही केली तर प्राण वांचण्याची आशा होती. त्यानें तो बाजूला सारला. दुपारीं चार वाजतां गिलोटिनखालीं त्याचा शिरच्छेद झाला. त्याचें वय ३६ वर्षांचें होतें. त्या धर्मगुरूंनीं त्याच संध्याकाळीं धर्मभगिनींजवळ सांगितलें कीं, आपल्या आयुष्यांत आपणांस प्रत्यक्ष भेटलेला संत तो हाच.

युद्ध संपलें. १९४६ सालीं त्याच्या अस्थि गांवीं आणून देवळाच्या भिंतीजवळ पुरण्यांत आल्या. तरी गांवानें त्याला क्षमा केली नव्हती. ज्यांचे पुत्र रणांगणावर पडले त्यांना, फ्रान्झ बरोबर असेल तर आमचीं मुलें कशासाठीं मेलीं, हा प्रश्न सहन होत नव्हता; आणि मी त्यांनाही निष्ठुर म्हणूं शकत नाहीं. त्याची विधवा मात्र त्या प्रश्नाची शिक्षा भोगीत राहिली. सैनिकांच्या विधवांना मिळणारें वेतन तिला १९५० पर्यंत नाकारण्यांत आलें. बिशपांनींही त्याच्यावरील लेख धर्मप्रांताच्या पत्रांत छापूं दिला नाहीं.

पुढें गॉर्डन झान नांवाच्या अमेरिकन कॅथलिक समाजशास्त्रज्ञाला ही कथा सांपडली, आणि १९६४ सालीं त्यांनीं तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो, तो वाचकांना जाणून आनंद वाटेल. १९३७ सालीं मुंबईचे आर्चबिशप झालेले आणि एका भारतीय धर्मपुढाऱ्याच्या हातीं हें आसन जावें म्हणून १९५० सालीं स्वखुषीनें पायउतार झालेले येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स यांनीं १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढें या शेतकऱ्याचें उदाहरण लेखी मांडलें, आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र न धरणाऱ्यांची ख्रिस्तसभेनें पाठराखण करावी अशी विनंति केली. त्याच वर्षीं ७ डिसेंबरला मंजूर झालेल्या, आधुनिक जगांतील ख्रिस्तसभेविषयींच्या दस्तऐवजांत, अशा माणसांसाठीं कायद्यानें माणुसकीची तरतूद करावी असें परिषदेनें नमूद केलें. ज्या प्रश्नाचें उत्तर लिंझच्या दिवाणखान्यांत फ्रान्झला मिळालें नव्हतें, तें ख्रिस्तसभेच्या मुखांतून यावयास बावीस वर्षें लागलीं.

१९९७ सालीं बर्लिनच्या न्यायालयानें त्याची शिक्षा रद्द ठरविली. २६ ऑक्टोबर २००७ रोजीं लिंझच्या कॅथेड्रलमध्यें, म्हणजे ज्या शहरांतून तो एकदां खिन्न होऊन परतला होता त्याच शहरांत, रक्तसाक्षी म्हणून त्याला धन्य घोषित करण्यांत आलें. ९४ वर्षांची फ्रान्झिस्का आपल्या मुलींसह त्या सोहळ्यास हजर होती. आपल्या शंभराव्या वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांनीं, मार्च २०१३ मध्यें, ती देवाघरीं गेली. सत्तर वर्षें तिनें वाट पाहिली.

धर्मबांधवांनो, महोत्सवाच्या दिवशीं हें गंभीर चरित्र कशाला, असें कोणास वाटेल. देऊळ उभारलें, मनोरा बांधला, रोषणाई झाली, बँड वाजला, याचा मलाही आनंद आहे. परंतु सेंट राडेगुंडलाही देऊळ होतें, मिस्सा होत होती, मुलांना धर्मशिक्षण मिळत होतें. आणि तरी गाडी आली तेव्हां सारें गांव तिच्यांत चढलें. गाडी सुंदर आहे, शेजारी चढले आहेत, भाडेंही पडत नाहीं, एवढ्यावरून तींत चढूं नये. ती कोठें जाते हें आधीं विचारावें. द्वेषाच्या नांवानें, युद्धाच्या नांवानें, एखाद्या जमातीला संपविण्याच्या नांवानें जी गाडी सुटते तिला आजही नवे रंग दिलेले असतात, आणि तिच्याकडे आजही सर्वांआधीं मुलेंच धांवतात. त्यांचा हात धरणारें कोणी तरी घरांत, शाळेंत आणि देवळांत असलें पाहिजे.

देव करो, आणि आपल्या धर्मग्रामांत घंटा वाजविणाऱ्या हातांना फ्रान्झची दृढता लाभो, घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना फ्रान्झिस्काचें धैर्य लाभो, आणि विवेकाचा प्रश्न घेऊन कोणी दार ठोठावील तेव्हां त्याला खरें उत्तर देण्याचें बळ आम्हां धर्मगुरूंना लाभो. धन्य फ्रान्झ, आम्हांसाठीं विनंति कर. आमेन.

— आपला धर्मगुरू